सात नंबरचा जोड

कारखान्यात एक अलिखित कायदा होता: सात नंबरचा जोड तपासायचा नाही.

कागदावर अर्थातच उलटं होतं. प्रत्येक जोड तपासून मगच ट्रेलर फाटकाबाहेर सोडावा, असं चांगलं ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावलेलं होतं. पण सात नंबरच्या जोडावरून नुसता हात फिरवायचा, 'वा' म्हणायचं आणि सही ठोकून पुढे जायचं, ही तिथली रीत. कारण सात नंबर म्हणजे बाबा, आणि बाबा म्हणजे एकतीस वर्षं, हजारावर ट्रेलर, आणि त्यातला एकही परत आलेला नाही.

प्रत्येक वेल्डरला तिथे एक नंबर असायचा. जोड पूर्ण झाला की शेजारी लोखंडी पंच ठेवून हातोडी मारायची आणि आपला नंबर उठवायचा. बाबांच्या वाट्याला सगळ्यात जोखमीची जागा होती. ट्रेलरच्या पोटाखाली, अगदी पुढे, मनगटाएवढी जाड एक खुंटी असते, किंगपिन. पुढचा ट्रक, ज्याला सगळे घोडा म्हणतात, तो एवढ्या एका खुंटीला धरून मागचा तीस टन माल ओढतो. ती खुंटी ज्या पत्र्यात बसते त्याचा जोड सुटला, तर घोडा एकीकडे आणि ट्रेलर दुसरीकडे. मग मध्ये कोण येईल ते नशीब.

बाबांची लेक याच कारखान्यात तपासनीस म्हणून लागली, त्याला सहा आठवडे झाले होते. डोक्यावर नवं हेल्मेट, पायांत करकर वाजणारे बूट आणि अंगात मावेनासा आत्मविश्वास. 'इथे मला बाबा म्हणायचं नाही, इथे मी सात नंबर,' असं बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यावर ती भर शॉपमध्ये, म्हणजे वेल्डिंगच्या शेडमध्ये, ओरडली होती, "ओ सात नंबर, डबा घरी विसरलात!" सगळे खो खो हसले होते आणि बाबा लटक्या रागाने म्हणाले होते, "हिला कोणी नोकरीवर घेतलं रे?"

त्या दिवसांत बाबांची एकच कटकट चालू होती, काचेची. वेल्डिंगच्या मुखवट्याला पुढे जी काळी काच असते ना, ती खराब येते म्हणायचे. महिन्यातून चार चार वेळा स्टोअरच्या खिडकीशी जाऊन भांडायचे. "धुरकट आहे ही. मधोमध डाग आहे. काच बनवणारेसुद्धा हल्ली चोर झालेत!" स्टोअरवाला बापडा नवी काच द्यायचा, आणि आठवड्यात बाबा पुन्हा खिडकीशी हजर. घरी चहा ओतताना धार कपाच्या बाहेर जायची. लेक म्हणायची, "बाबा, कप इकडे आहे, टेबलाला तहान नाही लागलेली." मग तिघं हसायची. आईसुद्धा.

अशात एक बाई ट्रेलर बघायला आल्या. त्यांच्या स्वतःच्या मालकीचे चाळीस ट्रक होते, आणि आणखी पंधरा ट्रेलर घ्यायचे होते. शॉपच्या साहेबांनी त्यांच्यापुढे रंगीत पुस्तिका ठेवली. साहेबांचं टोपणनाव होतं हो-हो साहेब, कारण समोरचा काहीही म्हणाला तरी ते 'हो-हो' म्हणत. पण बाईंनी पुस्तिका बाजूला सारली.

"दणकट, भरवशाचा, हे सगळेच छापतात," त्या म्हणाल्या. "एकाचा रंग टिकतो, पण पाच टन जास्त पडले की कणा वाकतो. दुसऱ्याची दारं पहिल्याच पावसात रुसतात. तिसऱ्याचा ट्रेलर उतारावर घोड्याला सोडून आपल्या वाटेने गेला. समोरच्या गाडीत चौघं होती. मला पुस्तिका नको. जोड दाखवा."

हो-हो साहेब पहिल्यांदाच हो म्हणायला विसरले. आणि तेवढ्यात लेकीच्या तोंडून निघून गेलं, "मी दाखवते. सात नंबरचा दाखवते. डाय टेस्ट करून."

कोणी सांगितलं होतं तिला? कोणी नाही. पण आपल्या बापाचं काम म्हणजे सोनं, आणि ते चारचौघांत उजळून दाखवायची आयतीच संधी चालून आलेली. उरात नुसतं भरून आलं होतं तिच्या. बाबा म्हणाले, "कशाला उगाच?" पण जेवणाच्या सुट्टीत त्यांनी गुपचूप धुतलेला डगला घातला आणि केसांवरून ओला हात फिरवला, हे तिने बरोबर पाहिलं.

डाय टेस्ट सोपी असते. जोड आधी लख्ख पुसायचा. त्यावर लाल रंग फवारायचा आणि पंधरा मिनिटं थांबायचं. लोखंडात केसाएवढी जरी फट असली तरी रंग आत मुरतो. मग वरचा सगळा लाल पुसून काढायचा आणि पांढरी भुकटी फवारायची. फट नसेल तर पांढरं पांढरंच राहतं. असेल तर आत दडलेला लाल रंग वर येतो.

पंधरा मिनिटं सगळ्यांनी चहा घेतला. लेकीने बाईंना एकतीस वर्षांची गोष्ट ऐकवली. आठ-दहा वेल्डर काम सोडून गोळा झाले होते, मागे बाबा. मग तिने रंग पुसला, पांढरं फवारलं आणि जादूगारासारखी एक पाऊल मागे सरकली.

आधी एक ठिपका आला. तिला वाटलं, पुसताना राहिला असेल. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. मग ठिपक्यांनी एकमेकांचे हात धरले आणि जोडाच्या काठाने दोन पेरं लांब लाल रेघ उमटली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"रंग आहे हो, रंग!" हो-हो साहेब पुढे आले. "पुसायचा राहिला. हो ना गं? पूस, पूस. पुन्हा कर."

फडकं लेकीच्या हातातच होतं. एक हात मारला असता तर रेघ गेली असती. हात उचललाही होता तिने. तिने बाबांकडे पाहिलं. गोळा झालेल्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरचं हसू मावळलं होतं. फक्त बाबांचं तसंच होतं, अभिमानाने फुललेलं.

त्यांना ती रेघ दिसतच नव्हती.

"तडा आहे," लेक म्हणाली. "साडेचार सेंटिमीटर. हा ट्रेलर बाहेर जाणार नाही."

बाबा पुढे आले. हातभर अंतरावर वाकले, मग वीतभर, मग नाक लागेल इतके जवळ. "कुठे?" ते हळूच म्हणाले. "कुठे गं?"

तिने त्यांचं बोट धरलं आणि पांढऱ्यावरून त्या रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. लहानपणी पाटीवर अक्षर गिरवायला तिचं बोट धरायचे, ते हेच बोट. त्याला लाल लागलं. बाबांनी ते डोळ्याजवळ नेलं, थोडं बाजूला नेलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मग डगल्याला पुसलं. धुतलेल्या डगल्याला.

बाईंनी एकच प्रश्न विचारला. "असे किती रस्त्यावर आहेत?"

हो-हो साहेब छताकडे बघत होते.

"स्टोअरच्या वहीत बघा," बाबा म्हणाले. "काच खराब आहे असं मी पहिल्यांदा कधी सांगितलं, ते त्यात असेल. त्या दिवसापासूनचे सगळे बोलवा." मग म्हणाले, "काच चांगली होती."

वहीत तारीख सापडली. सात महिन्यांपूर्वीची. त्या दिवसापासून सात नंबरचे सव्वीस ट्रेलर बाहेर गेले होते.

डॉक्टरांनी सांगितलं, इतकी वर्षं त्या प्रखर उजेडाची झळ लागून दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग जळलाय. कडेकडेचं दिसत राहील. मधलं परत येणार नाही. त्या दिवशी लेकीला कळलं की बाबा आपल्याशी बोलताना हल्ली आपल्या कानाकडे का बघतात.

घरी आई पोळपाट धुताधुता म्हणाली, "चारचौघांत कशाला करायचं होतं गं?"

"मला तरी कुठे माहीत होतं, आई?"

"तपासायचंच होतं, तर चहा सांडत होता तेव्हा तपासायचंस. तेव्हा हसलो आपण." आणि आईने नळ मोठा सोडला, म्हणजे पुढचं काही ऐकू येऊ नये.

ट्रेलर एकेक करून परत येऊ लागले. बाबांना सुट्टीवर घरी बसायला सांगितलं होतं, पण ते रोज येत. तपासणीच्या खड्ड्याशी स्टूल टाकून बसत. लेक ट्रेलरखाली शिरून तारेच्या ब्रशने पिनभोवतीचा रंग खरवडायची, लाल फवारायची, पुसायची, पांढरं फवारायची. बाबा वरून विचारत, "रेघ निघाली का?"

"नाही बाबा, स्वच्छ."

कारखान्यात बाबा म्हणायचं नाही, हे आता दोघंही विसरले होते.

पहिल्या आठांत दोन निघाल्या. दोन्ही वेळा ती "निघाली" म्हणाली, आणि दोन्ही वेळा बाबांनी विचारलं, "केवढी?" त्या दोन्ही दिवशी डबा जसा आला तसा परत गेला. गालांची हाडं वर आली होती. कोणी 'उस्ताद' म्हणून हाक मारली तर मान वळवायचे नाहीत.

नववा ट्रेलर घेऊन आलेला ड्रायव्हर भलताच बोलका होता. "उस्ताद, कशाला बोलावलंत? सात नंबर बघून तर मी डोळे झाकून माल भरतो! परवाच दोन्ही पोरींना शेजारी बसवून घाट उतरवला. धाकटी म्हणते, पप्पा, हॉर्न मी वाजवणार. पाच तास वाजवला, कान गेले माझे!"

बाबा हसले. किती दिवसांनी हसले.

खाली लेकीने पांढरं फवारलं. या वेळी ठिपके नाहीतच आले. सरळ रेघ आली, ती पिनच्या अर्ध्या बाजूला वळसा घालून थांबली. ती त्या रेघेकडे बघत राहिली. पाच तास, घाट, हॉर्न. मग तिने कागदावर लिहिलं: तडा, अकरा सेंटिमीटर, ट्रेलर रोखा.

"निघाली का?" वरून आवाज आला. त्यात ते हसू अजून होतं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "स्वच्छ आहे."

कागद खरा होता. ट्रेलर अडकणारच होता, ड्रायव्हरला बाजूला घेऊन ती सगळं सांगणारच होती. फक्त बाबांना आजचा दिवस डबा खाऊ दे. एवढंच.

बाबा स्टुलावरून उठले. तिला वाटलं, आता जेवायला जातील. "करवतबाईंना हाक मार," ते म्हणाले.

करवतबाई म्हणजे कारखान्यातल्या जुन्या तपासनीस. आवाज असा की लोखंड कापावं. "कशाला त्यांना?" लेक म्हणाली. "मी बघितलंय ना."

"म्हणूनच. माझं एकतीस वर्षं कोणी दुसऱ्यांदा बघितलं नाही. विश्वास होता म्हणे. तुझं तरी बघू दे कोणीतरी."

"बाबा, राहू दे ना. डबा गार होतोय."

"करवतबाई!" बाबांनी स्वतःच हाक मारली.

त्या आल्या, कंबर धरत खड्ड्यात उतरल्या, दिवा धरला. वर बघितलं. मग लेकीच्या हातातला कागद ओढून घेतला आणि अख्ख्या शॉपला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. "तडा, अकरा सेंटिमीटर, ट्रेलर रोखा. मग? बरोबरच तर लिहिलंय पोरीने. मला कशाला उतरवलंत खाली, गुडघे फुकट मिळालेत का?"

ड्रायव्हरचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. तो आपल्या घोड्याच्या पायरीवर मटकन बसला.

लेक खड्ड्यातून वर आली. बाबांपुढे उभी राहिली. तिला वाटलं, आता रागावतील. रागावावं, एक ठेवून द्यावी, काहीही करावं. बाबा तिच्या कानाकडे बघत होते.

"कागदाला खरं सांगितलंस ना?"

"हो."

"मग झालं."

"बाबा, मी फक्त..."

"मग झालं, म्हटलं ना."

ते ड्रायव्हरपाशी गेले. चाचपडत त्याचा खांदा शोधला आणि बराच वेळ हात तसाच ठेवून उभे राहिले. काय बोलले ते कोणाला ऐकू आलं नाही. मग परत येऊन स्टुलावर बसले.

दुपारी दहावा ट्रेलर लागला. लेक खाली उतरली. खरवडलं, लाल फवारलं, थांबली, पुसलं, पांढरं फवारलं. पांढरं पांढरंच राहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, स्वच्छच. वरून प्रश्न येईल म्हणून ती वाट बघत राहिली. उत्तर ओठांवर तयार होतं, आणि या वेळी ते खरं होतं.

वर स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"करवतबाई," बाबा म्हणाले, "जरा बघता का? निघाली का?"