झोपलेलं विंडोज

लॅपटॉप नीट बंद करा, हे बाबांना सांगून सांगून लेकीच्या तोंडाला फेस आला होता. काम झालं की ते झाकण मिटून मोकळे. शेवटच्या दिवशीही तेच केलं. आई मिक्सर बंद करून खोलीत आली, तेव्हा मिटलेल्या झाकणावर हात ठेवून ते खुर्चीतच गेले होते.

"त्यांनी हाक मारली असणार," आई तेव्हापासून म्हणत होती. "त्या घरघरीत मलाच ऐकू आली नाही." कितीही समजावलं तरी तिच्या डोक्यातून ते जाईना.

बाबा अंधशाळेसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. शेवटचं पुस्तक शाळेला पाठवायचं राहिलं होतं. म्हणून आज लेकीने लॅपटॉप उघडला आणि सवयीने लिनक्स निवडलं. ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम तिनेच विंडोजशेजारी बसवली होती. तिने फाइल मॅनेजर उघडला. डावीकडे विंडोजचे दोन्ही ड्राइव्ह दिसायचे, तिथे आज काहीच नव्हतं. बाबांचा सगळा आवाज त्यातल्या एकात होता.

बरीच खटपट केल्यावर कारण कळलं. डिस्क शाबूत होती. विंडोज बंद न होता झोपी गेलं होतं, म्हणून लिनक्स त्याच्या ड्राइव्हना हात लावत नव्हतं. उपायही सापडला, एका ओळीचा. तिने तो टाइप केला.

"काय करतेस?" आईने विचारलं.

"विंडोज उघड्या कामासकट झोपलंय, ती झोपेची फाइल पुसते. ड्राइव्ह लगेच दिसतील."

"आणि त्यांनी उघडं ठेवलेलं?"

"ते जाईल."

"अगं, मग आधी उठव तरी! झोपलेल्याला कुणी असं अंथरुणासकट बाहेर फेकतं का?"

लेकीला हसू आलं आणि रडूही. तिने ती ओळ खोडली, लॅपटॉप पुन्हा सुरू करून विंडोज निवडलं.

बाबांचा स्क्रीन जसाच्या तसा उठला. रेकॉर्डिंग थांबवलेलं होतं, सेव्ह केलेलं नव्हतं. तिने आधी ते सेव्ह केलं, मगच लावलं.

बाबा शेवटचं पान वाचत होते. मागे दूरवर मिक्सर घरघरत होता. पुस्तक संपलं. मग जड श्वास, आणि हळू आवाजात, "दमलो बुवा. तिला हाक नको मारायला, कामात असेल."

आईने पदर तोंडाशी धरला.

"मारलीच नव्हती," ती म्हणाली. मग एकदम चिडून, "मारायची ना पण! काम कुठे पळून चाललं होतं?" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोकळेपणाने रडली.

बऱ्याच वेळाने तिने स्वतःच विचारलं, नीट बंद कसं करतात. लेकीने दाखवलं तिथे तिने बोट ठेवलं. स्क्रीन काळा झाला. पुन्हा लिनक्स सुरू केलं, तेव्हा दोन्ही ड्राइव्ह आपापल्या जागी होते.

"शेवटची दोन वाक्यं कापून पाठवते," लेक म्हणाली.

"काप," आई म्हणाली. "पुस्तक त्यांचं. ती दोन माझी."