हिरवी खूण

घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि कामावर तिचा मान होता तो डोळ्यांत तेल घालून काम करणारी म्हणून. बारा वर्षं तिने वॉर्डात नर्सची नोकरी केली. पाठीने असहकार पुकारल्यावर त्याच हॉस्पिटलच्या संशोधन विभागात तिला टेबलखुर्ची मिळाली. काम वरवर सोपं होतं. स्तनाच्या कॅन्सरची माहिती देणारी एकोणसाठ मोबाइल ॲप जमवलेली होती. प्रत्येक ॲप वापरून बघायचं आणि छापील तक्त्यावर एक ते पाच गुण द्यायचे. दिसायला कसं आहे, वापरायला सोपं आहे का, माहिती खरी आहे का. तेच ॲप दुसराही परीक्षक तपासायचा. तो होता औषधविभागातला जुना फार्मसिस्ट. दोघांनी आपापले गुण एकमेकांना दाखवायचे नाहीत, असा विभागप्रमुख मॅडमचा दंडक होता.

पहिल्या आठवड्यात धाकटीची करमणूक झाली. एक ॲप गाठीची माहिती सांगता सांगता मधेच लिपस्टिकची जाहिरात दाखवायचं. एकाने तिचं वय विचारलं आणि ती पुरुष आहे असं ठरवून टाकलं. पण एकविसावं ॲप बघून तिचे डोळे निवले. फिकट गुलाबी रंग, ठसठशीत अक्षरं, समजावून सांगणारा बाईचा मऊ आवाज. दर सोमवारी ते सहा प्रश्न विचारायचं आणि शेवटी हिरवी, पिवळी किंवा लाल खूण दाखवायचं. धाकटीने सगळी उत्तरं स्वतःची, खरीखरी दिली. गाठ नाही, स्राव नाही, काही नाही. हिरवी खूण आली. तिने भरभरून गुण दिले.

तीन महिन्यांनी एका सोमवारी मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोघांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले होते.

"बाकी सगळीकडे तुमचं जमतंय," मॅडम म्हणाल्या. "एकविसाव्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. हिचे साडेचार, तुमचे दीड. असं कसं?"

फार्मसिस्टने चष्मा कपाळावर सरकवला. "मी गाठ आहे असं उत्तर दिलं. त्याने विचारलं, दुखते का? मी म्हटलं, नाही. हिरवी खूण आली. मग पुढच्या सोमवारी सांगितलं, गाठ वाढलीय. त्याने परत विचारलं, दुखते का? नाही म्हटलं. परत हिरवी."

 न दुखणारी गाठ आधी दाखवायची असते, हे धाकटीने वॉर्डात शेकडो बायकांना सांगितलं होतं. तिने फोन उघडला आणि फार्मसिस्टने दिली तशीच उत्तरं देऊन पाहिली. मऊ आवाज म्हणाला, काळजीचं कारण दिसत नाही, पुढच्या सोमवारी भेटू.

आणि मग तिला ती दुपार आठवली.

त्या पहिल्या आठवड्यातच एके दुपारी ती घरी ॲप तपासत बसली होती, तेव्हा तिची थोरली जाऊ शेजारी येऊन टेकली होती. वरच्या मजल्यावर राहणारी थोरली कपड्यांच्या दुरुस्तीचं दुकान चालवायची. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "ह्यातलं चांगलं कुठलं गं?" आणि धाकटीने मान वरही न करता उत्तर दिलं होतं, "हे गुलाबी. छान आहे, अगदी सोपं." थोरलीने लगेच स्वतःचा फोन पुढे केला होता. थोरली, जी फोनवरून दिव्याचं बिल भरायलाही दुसऱ्याला सांगायची.

"मॅडम, मला जायला हवं," धाकटी म्हणाली. कारण सांगायला ती थांबली नाही.

रस्त्यात तिने चार वेळा फोन लावला. चारही वेळा नुसती रिंग वाजत राहिली. पाय भराभर पडत होते, पण दुकान जवळ येईना. उगाच वाटतंय, ती स्वतःला बजावत होती, बाई कुतूहलाने विचारते, त्यात काय एवढं? 

दुकानात थोरली शिलाई मशीनवर वाकलेली होती. फोन कापडाच्या ढिगाखाली पडला होता.

"अगं, या वेळी कशी? तोंड का असं उतरलंय?"

"ताई, ते गुलाबी ॲप तुम्ही वापरता?"

थोरलीचा पाय मशीनवर थांबला. "वापरते की. दर सोमवारी."

"गाठ आहे का, या प्रश्नाला काय उत्तर देता?"

थोरलीने दाराकडे पाहिलं, मग हातातल्या कापडाकडे. गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

"आहे म्हणून देते," ती हळूच म्हणाली. "पण दुखत नाही ना. हिरवी खूण येते."

धाकटीने स्टूल ओढलं आणि बसली.  "केवढी आहे?"

"आधी शर्टाच्या बटणाएवढी होती. आता कोटाच्या."

त्या हातांना दोन सुतांचा फरक डोळे मिटून कळायचा. थोरलीचा अंदाज चुकला असेल अशी आशा धाकटीला करता येईना.

"चला," ती म्हणाली. "आत्ताच."

"पाच वाजता कोट द्यायचाय एकाला."

"ताई, चला."

दुसऱ्या दिवशी मॅमोग्राफी झाली, मग सोनोग्राफी, मग सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवालाला आठवडा लागणार होता.  तोवर वरच्या मजल्यावर थोरलीचं घरचं मशीन चाललं की धाकटीला धीर यायचा, आणि थांबलं की ती जिन्यापर्यंत जाऊन कान देऊन उभी राहायची. नवऱ्याला, दिरांना तिने सगळं सांगितलं. फक्त ते ॲप कोणी सुचवलं, एवढं वाक्य तिच्या तोंडून निघत नव्हतं.

अहवालाच्या दिवशी दोघी हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या होत्या. समोरचं दार उघडायचं, एक नाव पुकारलं जायचं, दार बंद व्हायचं. दर वेळी थोरली पर्सचा पट्टा घट्ट धरायची.

"ताई, मीच म्हटलं होतं, छान आहे म्हणून," धाकटी शेवटी म्हणाली. "आतली माहिती मी धड तपासली नव्हती. रंग बघितला, अक्षरं बघितली. माझ्यामुळे तुमचे तीन महिने गेले."

थोरलीने पर्सचा पट्टा सोडला.

"मला तुला सरळ विचारता आलं नसतं का?" ती म्हणाली. "घरात नर्स आहे. हात धरून नेलं असतंस. पण आमची आई इथेच आली होती तपासायला, ती घरी परत आलीच नाही. मला नुसतं कोणीतरी काही नाही म्हणायला हवं होतं गं. त्या ॲपने लाल खूण दाखवली असती, तर मी ते काढून दुसरं टाकलं असतं."

"पण त्याने लाल दाखवायला हवी होती."

"हो," थोरली म्हणाली. "हवी होती."

नाव पुकारलं गेलं. आत डॉक्टरीणबाईंनी दोघींना बसायला सांगितलं, आणि त्यांनी खुर्ची जवळ ओढली तेव्हाच धाकटीला उत्तर कळलं. कॅन्सर होता. काखेत पसरल्याचं दिसत नव्हतं. ऑपरेशन करायचं, मग रेडिएशन, पुढचं पुढे ठरवू. थोरलीने सगळं नीट ऐकलं आणि दुकान किती दिवस बंद ठेवावं लागेल, एवढंच विचारलं.

निघताना धाकटी मागे रेंगाळली. "तीन महिने आधी आणलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी कागद फाइलमध्ये लावले. "आता आणलंत ना," त्या म्हणाल्या. 

ऑपरेशन नीट पार पडलं. धाकटीने एकविसाव्या ॲपचे स्वतःचे गुण खोडले नाहीत. चुकीचे गुण, शेजारी सुधारलेले गुण आणि खाली कारण, असं तिने मॅडमच्या समोर लिहून दिलं. मग एकोणसाठच्या एकोणसाठ ॲप तिने पुन्हा उघडली, आणि या वेळी प्रत्येकात न दुखणारी, वाढणारी गाठ असलेली बाई होऊन उत्तरं दिली. आणखी सहा ॲपनी तिला हिरवी खूण दाखवली. विभागाने या सातही ॲपच्या कंपन्यांना पत्रं पाठवली. दोन कंपन्यांनी आपली ॲप काढून टाकली. गुलाबी ॲपकडून आभाराचं छापील उत्तर आलं.

महिन्याभराने धाकटीने पाहिलं, ते ॲप स्टोअरवर अजून तसंच होतं. उतरवून घेणाऱ्यांचा आकडा अकरा हजारांनी वाढला होता. ती त्या आकड्याकडे बघत बसली. त्यातल्या कोणाला हाक मारायची, आणि कुठल्या रस्त्याने धावायचं, तिला कळेना.