सशाच्या कानांची पेटी

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्रेमाबाईंनी माळ्यावरून नाताळच्या सजावटीचा खोका काढला, तर आत उंदरांनी संसार थाटलेला. चमकीचे गोळे कुरतडलेले, कागदी चांदण्यांचा नुसता भुगा. त्यांनी खोका अंगणात नेऊन उलटा केला आणि शेजारच्या मिनाजला हाक मारली.

प्रेमाबाई सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी धाराशिवच्या त्या गल्लीत सगळे त्यांना सिस्टरबाईच म्हणत. मिनाज घरी शिवणकाम करायची. डिसेंबर म्हणजे शाळांच्या गॅदरिंगचा महिना. तिच्या घरात वाघाच्या शेपट्या, पोपटाचे पंख आणि सशांचे कान यांचा ढीग पडला होता.

"बाजारात भेटतात की नवे," मिनाज म्हणाली.

"भेटतात, पन दरसाली तेच ते. ह्ये जाड कापड कसलं गं तुझ्याकडं?"

"फेल्ट. ह्याचे धागे सुटत न्हायत. कापलं की झालं. घ्या, लई उरलंय."

प्रेमाबाईंना चांदणी कापायची होती. पण पांढऱ्या फेल्टचा एक गोल तुकडा आयताच हाताला लागला. सहज म्हणून त्याच्यावर काळा लहान गोल ठेवला, तर तबला दिसायला लागला. त्यांचा मुलगा रणधीर आता पुण्यात नोकरीला होता. लहानपणी तो चर्चच्या भजनात तबला वाजवायचा.

"हा रणधीरचा," त्या म्हणाल्या. आणि तिथंच ठरलं. औंदा झाडावर एकेका माणसाचं वाद्य लावायचं आणि नाताळ झाला की ज्याचं त्याला देऊन टाकायचं.

मिनाजनं काठाकाठानं काजटाका घालायला शिकवलं. आत कापूस भरला की वाद्याला अंग यायचं. उमरग्याच्या थोरल्या बहिणीसाठी, शांताक्कासाठी, वाघाच्या पिवळ्या फेल्टचे टाळ झाले. प्रेमाबाईंची बोटं इंजेक्शनला सरावलेली होती, पण ह्या सुईला वळायला त्यांना चार दिवस लागले.

"आन् मला काय?" मिनाजनं विचारलं.

"तुला काय वाजवता येतंय?"

"मला कुठलं! अब्बांचं क्लॅरिनेट करा."

मिनाजचे वडील बाबामियाँ लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. प्रेमाबाईंनी काळी नळी शिवली, तिच्यावर रुपेरी जरीच्या कळा काढल्या. मिनाजनं ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "तोंड अजून रुंद पायजे." मग तिनं स्वतःच उसवून ते रुंद केलं. मशिनवर नाही, हातानं.

शेवटी पेटी राहिली. ती शिवायला घ्यायचं प्रेमाबाई टाळत होत्या.

बेंबळीचे महांतप्पा मास्तर चर्चच्या नाताळच्या भजनाला बावीस वर्षं पेटी वाजवत होते. ते लिंगायत, पण चर्चमध्ये पेटी येणारं कुणी नव्हतं. पाळकसाहेबांनी एकदा बोलावलं आणि ते येतच राहिले. तीन वर्षांमागं तरुण पोरांनी कीबोर्ड आणला. ऐन उपासनेच्या आधी कुणीतरी म्हणालं, "काका, ह्या साली तुमी नुस्तं बसा." मास्तरांनी पेटी उचलली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. त्यानंतर ते आले नाहीत. प्रेमाबाई तेव्हा चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक होत्या. समोरच उभ्या होत्या आणि गप्प राहिल्या होत्या.

पेटी शिवून झाली तशी त्यांनी ती झाडावर न लावता पिशवीत टाकली, मिनाजकडून उरलेलं फेल्ट आणि सुईदोरा घेतला आणि बेंबळीची एसटी धरली.

मास्तर ओसरीवर ऊन खात बसले होते. त्यांच्या बायकोनं, शरणम्मांनी, "या सिस्टर," म्हणून सतरंजी टाकली आणि चहा ठेवायला आत गेल्या. प्रेमाबाईंनी ती इवलीशी पेटी मास्तरांच्या हातात ठेवली.

मास्तरांनी चष्मा लावला. बोटानं एकेक पट्टी मोजली.

"काळ्या पट्ट्या चुकल्यात," ते शेवटी म्हणाले.

"आं?"

"सात पांढऱ्या, तर काळ्या पाच. दोन, मंग जागा सोडायची, मंग तीन. तुमी सगळ्या सारख्याच लावल्यात. हिच्यावर मानसानं सा कुठं धरावा?"

प्रेमाबाईंना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि मनातलं बोलणं आपसूक बाहेर पडलं. "मास्तर, त्या दिवशी म्या बोलायला पायजे होतं. पंच होते म्या. गप बसले. माफ करा मला."

मास्तर छोट्या कात्रीनं काळ्या पट्ट्या उसवत होते. मान वर न करता म्हणाले, "लई राग होता सिस्टर. पोरांचा न्हाय. पोरं ती पोरंच. मोठ्या मानसांचा होता." एक पट्टी सोडवून बाजूला ठेवत म्हणाले, "तुमचा बी होता."

"असणारच की."

"आता आलाव न्हवं. द्या तो दोरा."

दोन आणि तीन अशा पट्ट्या त्यांनी स्वतः लावल्या. टाके वाकडेतिकडे, पण जागा अचूक. शरणम्मांनी चहा आणून ठेवला.

"नाताळला याल?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"कशाला घेऊन येऊ? माझ्या पेटीच्या पट्ट्यांखालचं कापड कसरीनं खाल्लंय. दाबलं की नुस्तं खटखट करतंय." बोलता बोलता मास्तरांचं लक्ष पिशवीतून डोकावणाऱ्या फेल्टकडं गेलं. त्यांनी ते ओढून चिमटीत दाबून बघितलं. "ह्ये कुठलं?"

"सशाचे कान. गॅदरिंगमधल्या एका सशाला गालफुगी झाली, म्हनून उरले."

"बराबर ह्याच जाडीचं लागतंय," मास्तर म्हणाले. "र्‍हाऊ द्या हितं. पेटी बोलली तर बघू."

चोवीस तारखेला संध्याकाळी सहाला उपासना होती. पावणेसहाला चर्चच्या दारात टमटम थांबली. आधी शरणम्मा उतरल्या, मग मांडीवरची पेटी सांभाळत मास्तर. कीबोर्डवर बसलेली सोनाली, पाळकसाहेबांची पुतणी, गडबडून उभी राहिली.

"काका, तुमी बसा हितं."

"तू कशाला उठतीस? बस. कुठल्या सुरात हाय तुझं?"

"सी. म्हंजे पांढरी एक."

"लई खाली. बायांना गाता यायचं न्हाय. काळी तीन धर."

सोनालीनं बटण दाबलं आणि सूर चढला. मास्तर वाकून बघायला लागले. "एवढं दाबलं की झालं?"

"व्हय."

"बरंय की!" असं म्हणून त्यांनी भाता सोडला. पेटीतून खटखट आली नाही. भरलेला, गोल सूर आला आणि मागच्या बाकांवरची म्हातारी माणसं मान उंच करून बघायला लागली. भजनं ठरलेल्या वेळेपेक्षा पाऊण तास जास्त चालली. पाळकसाहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि नंतर पाहायचं सोडून दिलं.

उपासना संपल्यावरही मास्तर सोनालीला भजनाची एक जागा समजावत बसले होते. शरणम्मा कंटाळून प्रेमाबाईंना म्हणाल्या, "तुमीच उठवा ह्यांना. बेंबळीची गाडी गेली असंल."

"गेली तर गेली. माझ्याकडं मुक्काम करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रणधीर पुण्याहून आला, तो अंगणातूनच पेटी ऐकत आत शिरला. बूट काढले न काढले आणि तबला कुठं आहे म्हणून विचारू लागला. स्वयंपाकघरात शरणम्मांनी गॅसचा ताबा घेतला होता. त्या धपाटे थापत होत्या, मिनाज कांदा चिरत होती. प्रेमाबाईंना त्यांच्याच घरात काही काम उरलं नव्हतं. त्यांनी स्वतःसाठी अर्धा कप चहा ओतून घेतला आणि उंबऱ्यावर जाऊन बसल्या.