वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या

अमेरिकेत, सिरॅक्यूजमध्ये ऑगस्टपासूनची भाड्याची घरं हिवाळ्यातच हातची जातात, हे गिरिजाला पहिल्याच वर्षी कळलं. युनिव्हर्सिटीची खोली उन्हाळ्यात सोडायची होती, म्हणून ती शनिवार-रविवार बर्फ तुडवत घरं बघत हिंडायची. खरं तर दोघींसाठी बघायचं होतं, पण आश्लेषाला थंडी सोसायची नाही आणि तिची असाइनमेंटही नेमकी तेव्हाच निघायची. "तू बघ ना यार, तुला आवडलं की मला आवडलंच," असं म्हणून ती मोकळी व्हायची. सांगलीला शाळेपासून एका बाकावर बसलेल्या त्या दोघी. गिरिजाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरं तरी कसली! कुठे तळघरात बुरशीचा वास, कुठे हीटर नुसता नावाला. अशात कॅम्पसमागच्या चढावर तिला मिसेस केलर भेटल्या. नवरा गेल्यापासून खाली एकट्या राहायच्या आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या. गिरिजा पोचली तेव्हा त्या पायऱ्यांवरचा बर्फ उपसत धापा टाकत होत्या. गिरिजाने त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि रस्त्यापर्यंत वाट मोकळी करून दिली. मग स्वयंपाकघरात कॉफी झाली. वरच्या खोल्या छान उबदार होत्या.

"विद्यार्थ्यांना घर द्यायचं माझ्या जिवावर येतं," मिसेस केलर म्हणाल्या, "पण तुझ्यासाठी ठेवते. मैत्रिणीला घेऊन ये, मग सही करू."

आश्लेषाने येऊन घर पाहिलं, भिंतींवरून हात फिरवला, पूर्वेकडची खोली आपली म्हणून टाकली. सही मात्र तिनेच लांबवली. "माझी मिडटर्म होऊन जाऊ दे ग. घर कुठे पळून जातंय?"

पुढे दोन-तीन दिवस बर्फ थांबलाच नाही. थांबल्यावर गिरिजाला मिसेस केलरच्या पायऱ्या आठवल्या आणि ती सरळ तिकडे गेली. दार उघडून म्हातारी बघतच राहिली.

"अगं, तू? तुझा विचार बदलला हे ऐकून मला फार वाईट वाटलं."

"कसला विचार?"

"तुझी मैत्रीण म्हणाली, तुला दुसरीकडे जागा मिळाली. शनिवारी ती आणि एक मुलगा येऊन सही करून गेले."

गिरिजाने फावडं घेतलं. पायऱ्या साफ होईपर्यंत तिने मान वर केली नाही. मिसेस केलर दारातून काहीतरी बोलत होत्या, ते तिच्या कानांपर्यंत पोचलंच नाही.

आश्लेषा लायब्ररीतल्या कॅफेत सापडली. गिरिजाचा चेहरा बघूनच तिने लॅपटॉप मिटला.

"ईशानला इथे ॲडमिशन मिळाली," ती म्हणाली. ईशान म्हणजे तिचा मित्र, टेक्सासमध्ये अर्विंगला नोकरी करणारा. "शनिवारी सहीपुरता आला होता, ऑगस्टमध्ये कायमचा येतोय. आम्हाला एकत्र राहायचं होतं."

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ते घर आम्हाला दिलं असतंस?"

"दिलं असतं," गिरिजा म्हणाली. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की हे अगदी खरं आहे, आणि मग तिला राग आवरेना. "आशू, मी तिथे नुसती घर बघत नव्हते. तुझ्यासाठी बघत होते."

आश्लेषाने खाली बघितलं. मग हळूच म्हणाली, "आईला मी सांगितलंय, आपण दोघीच राहणार म्हणून. तिचा फोन आला तर प्लीज सांभाळून घे ना."

गिरिजा उठून बाहेर पडली.

फोन रविवारी सकाळी आला, ती बूट चढवत असताना. आश्लेषाच्या आईच्या, सुलभाकाकूंच्या घरी ती कितीदा तरी जेवली होती. अमेरिकेला निघताना मेतकुटाचा डबाही त्यांनीच भरून दिला होता.

"तू बरोबर आहेस म्हणून मी निर्धास्त आहे बघ," काकू म्हणाल्या. "नवं घर कसं आहे ग?"

हो म्हणून वेळ मारून नेता आली असती. गिरिजाने हातातला बूट खाली ठेवला.

"काकू, मी तिच्याबरोबर राहणार नाही. मी दुसरीकडे बघतेय."

"का ग? भांडलात का?"

"ते तुम्ही आशूलाच विचारा. मी काही सांगणार नाही, पण तुमच्याशी खोटंही बोलणार नाही."

"बरं, जपून राहा हो बाळा," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशीचं घर बसच्या शेवटच्या स्टॉपपाशी होतं. उतरत्या छपराखालची खोली, मधोमध उभं राहिलं तरच डोकं आपटायचं नाही. घर दाखवणारी मुलगी नर्सिंग शिकत होती आणि भराभर बोलत होती. तेवढ्यात आश्लेषाचा मेसेज आला: "आईने रडून गोंधळ घातलाय. तू माझ्याशी असं वागशील असं वाटलं नव्हतं."

गिरिजाने तो पुन्हा वाचला. आपलं काही चुकलं का, हा विचार तिच्या मनात आला, आणि तो आला याचाच तिला जास्त संताप आला.

"घेणार का तू ही खोली?" मुलीने विचारलं.

"घेते," ती म्हणाली. मग बाथरूम कुठे आहे ते विचारलं, आत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.