गराशाची घंटा

बावीस वर्षं मी डिझेलचा ट्रक हाकला. घाटंजीहून लोहाऱ्याला कापसाच्या गाठी न्यायच्या, रिकामं परत यायचं. आमच्या तांड्याजवळच्या वळणावर हॉर्न कधी वाजवला नाही. वाजवायचा कशाला? माझं इंजिनच अर्धा कोस आधीपासून बोंबलायचं. पोरं, शेळ्या, म्हातारे आपोआप बाजूला व्हायचे.

मग मालकाने बॅटरीवरचा ट्रक आणला. धूर नाही, धग नाही, आवाज नाही. खरं सांगतो, पहिल्या दिवशी मला त्याची भीतीच वाटली.

आमची याडी, म्हणजे माझी आई मानीबाई, ट्रकभोवती एक फेरी मारून म्हणाली, "उत्तमसिंग, हा त चोरावाणी येते. याले गराशाची घंटा बांध."

गराशा म्हणजे जुन्या काळी मालाच्या बैलांपुढे चालणारा मानाचा बैल. पणजोबांचा शेवटचा गराशा मेला, तेव्हा त्याच्या घंटेची जीभ काढून त्याच्यासोबत पुरली. तेव्हापासून ती घंटा मुकी, घरात खुंटीला टांगलेली.

"मुकी घंटा बांधून काय करू? लोक हसतीन मले."

"हसू दे. वर्षा त्याच रस्त्यानं शाळेतून येते."

वर्षा माझी लेक, नववीतली. शहाण्याला शब्दाचा मार. पण मी कुठला शहाणा! याडीला उडवून लावलं.

चैत्रातली भर दुपार होती. रिकामा ट्रक घेऊन उतारावरून आलो आणि जुन्या सवयीने हॉर्न न देताच वळलो. समोर रस्त्याच्या मधोमध वर्षा, पाठमोरी, पुस्तकात डोकं खुपसून चाललेली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. तेवढ्यात तिने एकदम नालीत उडी मारली. ती होती ती जागा ओलांडून ट्रक थांबला.

खाली उतरलो तर पोरगी हसत होती.

"बापू, घंटी कवा बांधली? केवढी वाजून राह्यली होती! मले वाटलं, बैलच अंगावर आला."

तिला घेऊन घरी आलो. घंटा खुंटीलाच होती, पण तिच्यावर कणभरही धूळ नव्हती. सगळी खाली जमिनीवर सांडलेली.

"याडी, तू हात लावला काय?"

"मी कायले लावू?" म्हणत तिने पदर डोक्यावर ओढला.

त्याच दिवशी घंटा ट्रकच्या पुढे बांधली. ती वाजत नाही. त्या वळणावर आता मी लांबूनच हॉर्न दाबून धरतो. तिला पुन्हा बोलायला लावायचं नाही.