जास्तीचा खर्ज

मित्रांनो, मी एक जुना डबल बास आहे आणि हे सांगताना मी मान खाली घालणार नाही. व्हायोलिनच्या कुटुंबातला मी सर्वांत थोरला. माणसापेक्षा उंच, पोट सुटलेले, आवाज जाडा. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझ्या पाठीचे लाकूड अकरा वर्षे माळ्यावर वाळत ठेवले होते. एवढा धीर धरणारा माणूस हल्ली मला दाखवा.

मला घरी आणले ते कचेरीतल्या एका नकलनविसाने. दिवसभर ते सरकारी कागदांच्या नकला करत आणि संध्याकाळी मला वाजवत. सगळे त्यांना बाबा म्हणत. आमचा वाद्यवृंद चौदा जणांचा. दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एकाच संगीतकाराचे संगीत आम्ही वाजवत असू. त्याला आम्ही लाडाने आजोबा म्हणत असू. तालमीची खोली लाँड्रीच्या वर होती. तिथल्या जिन्याच्या वळणावर आपटून माझ्या कुशीला भेग पडली, ती अजून आहे. छापील प्रती तेव्हा मिळत नसत, म्हणून एका उसन्या प्रतीवरून चौदाही जणांचे कागद बाबांनी हाताने लिहून काढले.

आमच्यात हातवारे करून सांभाळणारा कोणी नव्हता. आजोबांच्या एका संथ रचनेत सगळी वाद्ये थांबत आणि चार मात्रा मी एकटाच खर्ज लावत असे. त्या खर्जावर बाकीचे तेरा जण श्वास घेत आणि एकदम उठत. लोक त्या जागेची वाट बघत. एरवी माझ्या जाडेपणावर नाक मुरडणारी बासरीसुद्धा तिथे माझ्या तोंडाकडे बघे. मला त्याचा फार अभिमान वाटे, आणि का वाटू नये?

बाबा गेल्यावर त्यांची मुलगी मला वाजवू लागली. तिला सगळे आक्का म्हणतात. लहानपणी ती माझ्या पाठीमागे लपून बसायची.

मग नवे व्यवस्थापक आले. आजोबांच्या हस्तलिखितावरून तपासलेल्या छापील प्रती त्यांनी मागवल्या. पहिले व्हायोलिन वाजवणाऱ्या दादांनी त्या बाबांच्या कागदांशी ताडून पाहिल्या. छापील प्रतीत त्या चार मात्रा कोऱ्या होत्या. पान उलटताना बाबांची नजर वरच्या ओळीवर घसरली होती आणि विरामाच्या जागी आधीचाच खर्ज त्यांनी पुन्हा लिहिला होता. साऱ्या जन्मात कचेरीत एक अक्षर न चुकलेल्या माणसाची ही एकच चूक, आणि ती आम्ही एकतीस वर्षे मन लावून वाजवली होती.

"मग बासची गरजच काय?" व्यवस्थापक म्हणाले. "चेलो तेच तर वाजवतो."

पुढच्या कार्यक्रमानंतर मला सभागृहाच्या दारात काचेच्या कपाटात ठेवायचे ठरले. कपाट आलेसुद्धा. सगळे मूग गिळून बसले. आक्काही नुसती गजाला राळ घासत राहिली. मला त्या सर्वांचा भयंकर राग आला.

तालमीत त्या चार कोऱ्या मात्रा आल्या की तेरा जण तेरा वेळी सुरू होत. व्यवस्थापकांनी मनात आकडे मोजायला सांगितले. हळूहळू सगळे वेळेवर येऊ लागले, पण रस्ता ओलांडताना माणसे दोन्हीकडे बघतात ना, तसे भीतभीत.

कार्यक्रमाच्या दिवशी संथ रचनेच्या आधी आक्काने गज खाली घेतला. माझी मान तिच्या खांद्यावर होती, म्हणून तिची धडधड मला कळत होती.

"यातला चार मात्रांचा एक सूर आजोबांचा नाही," ती लोकांना म्हणाली. "तो माझ्या बाबांनी चुकून लिहिला. चूक ती चूकच, मी ती लपवणार नाही. पण एवढी वर्षं आम्ही त्या सुरावर एकत्र श्वास घेतला. आज तो मी वाजवणार आहे."

पहिल्या रांगेत व्यवस्थापकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. दादांनी आपली छापील प्रत मिटली. मग चेलोने, मग बासरीने, मग सगळ्यांनीच मिटली. ती जागा आली आणि मी खर्ज लावला. कुशीतली भेग घरघरली तरी मी थांबलो नाही. तेरा जणांचा श्वास मला ऐकू आला आणि ते एकदम उठले.

दुसऱ्या दिवशी दादांनी व्यवस्थापकांना शांतपणे सांगितले, "बास जाणार असेल, तर आम्हा चौदा जणांना मावेल एवढं कपाट करून घ्या." तो विषय तिथेच संपला. नव्या प्रती आम्ही आता रोज वापरतो, कारण आजोबांचा मान मोठाच आहे. फक्त माझ्या पानावर त्या चार मात्रांत आक्काने पेन्सिलीने एक खर्ज लिहिला आहे आणि खाली 'बाबांचा' असे लिहिले आहे. काचेच्या कपाटात सगळे छत्र्या ठेवतात.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वाद्याची कीव करू नका. तार तुटली तर नवी लावा, भेग वाढली तर चिकटवा, पण वाजवत राहा. मला कपाटात उभे करू नका. माणसाच्या खांद्याशिवाय मला उभे राहता येत नाही, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.