जागं होताना

जाग.

कप भिंतीवर फुटला आणि पाठोपाठ थप्पड.

"चहा हाय का हा? गटाराचं पानी पाजून राह्यली मले?"

हा इंद्रजीत. पलीकडच्या खोलीत त्याची धाकटी बहीण ममता लॅपटॉपचं झाकण उघडत होती. पुण्याहून तिच्यासोबत काम करणाऱ्या अंकुरनं हेडफोनमधून विचारलं, "काय फुटलं गं?"

"कप."

कपच फुटला होता की.

तिचं काम सांगायला सोपं. प्रोसेसरला खोड असते, पुढचं आधीच ताडून ठेवायची. त्या अंदाजांतून एका प्रोग्रामचं गुपित दुसऱ्याला चोरता येतं. म्हणून यंत्र सुरू होताना प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरवर, म्हणजे आतल्या प्रत्येक स्वतंत्र मेंदूवर, पहारा बसवतात. ममतानं बघायचं ते एवढंच: यंत्र झोपवून उठवलं, की पहारा जागेवर आहे का?

बाकीच्या कोअरवर होता. पहिल्यावर नव्हता.

"रीस्टार्ट करून बघ. माझ्याकडे बरोबर दिसतंय."

"रीस्टार्टनंतर दिसणारच. माणसं झाकण लावून उठतात, अंकुर. रीस्टार्ट कोण करतं?"

भिंतीपलीकडे दीपावहिनीचं डोकं कशावर तरी आदळलं. कपाट असावं, कडी वाजली.

झोप.

त्याच संध्याकाळी इंद्रजीत बायकोच्या गालाला हळद लावत होता आणि हुंदके देत होता. "आईची आन, पुन्हा हात नाही उचलणार." खोटं वाटेना. दीपानं पिशवी भरली होती, पांढरकवड्याला माहेरी जायला. ममतानंच ती तिच्या हातातून काढून घेतली.

"आन घेतली ना वो त्यानं, वहिनी. आता कायले जाता?"

जाग.

चूक सापडली. इतर कोअर उठतात ते नव्यानं भरती झाल्यासारखे. त्यांना पहारा पुन्हा मिळतो. पहिला सगळ्यांच्या आधी उठतो, बाकीच्यांना तोच उठवतो. त्याला कोण विचारणार? पहारा बसवला होता, एवढं यंत्राला आठवतं, म्हणून ते पुन्हा बसवत नाही. झोपेत तो पुसला गेला हे त्याच्या गावीही नसतं.

"आठवणीवर विसंबायचं नाही," ती अंकुरला सांगत होती. "उठल्याबरोबर पुन्हा लिहायचं. दर वेळी—"

किंचाळी.

स्वयंपाकघरात इंद्रजीतनं वहिनीचे केस मुठीत धरले होते. तोंड ओट्यावर आपटलं. परत आपटलं. परातीतल्या कणकेत रक्त. ममता मध्ये पडली तर कोपर तिच्या ओठावर बसलं.

"काल आन घेतली होती तू!"

"घेतली ना मंग! मोडली कुठं? हे तोंड कसं चालवते ते पाह्य आधी!"

तो खरंच तसंच समजत होता.

ममतानं वरवंटा उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. मूठ सुटली.

"अवो, भाऊ हाय तो तुहा!" दारातून आई ओरडली.

"अन् हे कोन हाय?"

झोप.

पांढरकवड्याची एसटी पुसदच्या बाहेर पडली. ममताच्या खांद्यावर दीपाचा डोळा लागला. दुसरा सुजून आधीच मिटला होता. दिग्रसच्या अलीकडे कंडक्टर आला.

"तिकीट, बाई."

दीपा जागी झाली. डोळा अजून उघडला नव्हता. त्याआधीच तिचे दोन्ही हात वर गेले आणि डोकं झाकून राहिले.

कंडक्टर घोटाळला. "राहू द्या, मागून येतो," म्हणाला आणि पुढच्या सीटकडे वळला.

हात तसेच होते.